ऑफिसच्या फोनवरून बाहेर कॉल कुठे जाऊ द्यायचे: ईपीएबीएक्स आणि फ्रीपीबीएक्सचं लॉकिंग नीट कसं लावायचं

२०२१ च्या जानेवारीत, संक्रांत नुकतीच झाली होती, मला दोन दिवसांत चार-पाच ऑफिसांतून एकच तक्रार आली, लँडलाइनवरून मोबाइलला फोनच लागत नाहीये. १५ जानेवारीपासून लँडलाइनवरून मोबाइलला करताना आधी शून्य लावायचा असा नियम आला होता, लोकांना ते माहीत होतं, शून्य लावूनच करत होते, तरी एरर टोन. सगळीकडे कारण एकच निघालं. त्या ईपीएबीएक्समध्ये, म्हणजे ऑफिसमधले फोन बाहेरच्या लाइनला जोडणाऱ्या मशीनमध्ये, कोणीतरी दहा-पंधरा वर्षांपूर्वी एसटीडी म्हणजे बाहेरगावचे कॉल बंद करायला म्हणून शून्याने सुरू होणारा प्रत्येक नंबर अडवून ठेवला होता. तेव्हा ते बरोबरच होतं, लोकल मोबाइल शून्याशिवाय लागायचा आणि एसटीडीला पैसे जास्त पडायचे. नियम बदलला आणि त्या जुन्या लॉकमध्ये सगळे मोबाइल अडकले.

तेव्हापासून मी लॉक लावायची पद्धतच उलटी केली. काय बंद करायचं याची यादी करायची नाही, काय चालू ठेवायचं याची करायची, आणि त्या यादीत नसलेलं आपोआप बंद. बंदची यादी कधीच पूर्ण होत नाही, रोज काहीतरी नवीन सुटतं. चालूची यादी छोटी असते आणि काही राहिलं तर फार तर कोणीतरी येऊन सांगतं की अमुक नंबर लागत नाहीये, मग तेवढा जोडायचा. खाली लिहिलेलं सगळं याच हिशोबाने आहे. उदाहरणं पुण्याची घेतलीयेत, तुम्ही तुमच्या गावाचा एसटीडी कोड आणि लोकल नंबरची लांबी धरा.

आधी कागद आणि पेन

सिस्टीमला हात लावायच्या आधी मागच्या तीन महिन्यांची फोनबिलं काढा, किंवा सिस्टीममध्ये सीडीआर म्हणजे कॉलचा रेकॉर्ड असेल तर तो एक्सेलमध्ये घ्या. बघायचं एवढंच की कुठल्या एक्स्टेंशनवरून, म्हणजे ऑफिसच्या आतल्या कुठल्या फोनवरून, कुठे कॉल जातात. मालक सांगतात 'आपल्याकडे आयएसडी कोणी करत नाही' आणि बिलात दुबईचे वीस कॉल असतात, एक्स्पोर्ट डिपार्टमेंटचे, आणि ते कामाचेच असतात. ते न बघता आयएसडी बंद केलंत तर दुसऱ्या दिवशी एक्स्पोर्टवाल्या मॅडम तुमच्या दारात, आणि त्यांचं काहीच चुकलेलं नसतं.

मग लोकांचे गट पाडा. मला चार गट पुरतात. पहिला मालक, मॅनेजर, एक्स्पोर्ट वगैरे, ज्यांना परदेशात फोन लागतो. दुसरा सेल्स, परचेस, अकाउंट्स, ज्यांना भारतभर लागतो. तिसरा शॉप फ्लोअर आणि स्टोअर्स, ज्यांना गावातले व्हेंडर आणि मोबाइल पुरतात. चौथा रिसेप्शनच्या सोफ्याजवळचा, कँटीनमधला, कॉन्फरन्स रूममधला फोन, जो कोणीही उचलू शकतो. लॉक माणसाच्या पदाला लावायचं नसतं, फोन कुठल्या जागी आहे त्याला लावायचं असतं. एमडींच्या नावाचा फोन कॉन्फरन्स रूममध्ये असेल तर तो चौथ्याच गटात.

वॉचमनच्या केबिनमधला फोन या चारमध्ये बसत नाही. बऱ्याच ठिकाणी त्याला फक्त इंटरकॉम ठेवतात, मला ते अजिबात पटत नाही. रात्री दोनला आग लागली तर जागा असलेला माणूस तोच. त्याला सगळे इमर्जन्सी नंबर, मालकांचा मोबाइल, प्लँट मॅनेजरचा मोबाइल आणि एक इलेक्ट्रिशियन एवढं चालू पाहिजेच.

एक्स्टेंशन नंबर देताना होणारी चूक

नवीन सिस्टीम लावताना एक्स्टेंशन १०१ पासून सुरू करायची आपल्याकडे पद्धत आहे. रिसेप्शन १०१, अकाउंट्स १०२, साहेब १००. आता विचार करा, आग लागली आणि एखाद्याने घाबरून १०१ फिरवला तर फोन कुठे वाजणार? रिसेप्शनला. १०० पोलिस, १०१ फायर, १०२ आणि १०८ ॲम्ब्युलन्स, ११२ सगळ्यांसाठी एकच नंबर, हे सगळे त्याच सिरीजमध्ये पडतात. फ्रीपीबीएक्समध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या ईपीएबीएक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये, आतलं एक्स्टेंशन आधी जुळतं आणि बाहेरच्या रूटपर्यंत, म्हणजे कॉल बाहेर सोडणाऱ्या नियमापर्यंत, कॉल पोचतच नाही. म्हणून एक्स्टेंशन २०१ पासून द्या आणि जमलं तर गटाप्रमाणे द्या, पहिला गट २०० च्या घरात, दुसरा ३००, तिसरा ४००, चौथा ५००, वॉचमन ६०१. पुढे नियम लिहिताना 'तीनने सुरू होणारे सगळे' असं एका ओळीत लिहिता येतं, चाळीस नंबर एकेक टाकायला लागत नाहीत. आधीच १०१ वाली सिस्टीम चालू असेल तर बदलायला लोक कुरकुर करतात, तरी बदला, एका रविवारचं काम आहे.

भारतातल्या नंबरांचा साचा

हे डोक्यात पक्कं बसलं की बाकी सोपं आहे. आपल्याकडे एसटीडी कोड आणि लोकल नंबर मिळून दहा आकडे होतात. पुण्याचा २० आणि पुढे आठ आकडे, नागपूर ७१२ आणि पुढे सात, पणजी ८३२ आणि पुढे सात, रत्नागिरी २३५२ आणि पुढे सहा. मोबाइलही दहाच, ६ ते ९ ने सुरू होणारा. त्याच्या आधी एक शून्य लावला की देशातला कॉल, दोन शून्य लावले की देशाबाहेरचा. म्हणजे देशातला कुठलाही कॉल अकरा आकड्यांचा, पहिला शून्य आणि दुसरा शून्य सोडून काहीही. दुसरा आकडा शून्य नाही आणि एकूण अकराच आकडे आहेत, तर तो कॉल परदेशात जातच नाही. सगळं लॉकिंग या एका वाक्यावर उभं राहतं.

काही जण विचारतात, मोबाइल चालू ठेवून फक्त एसटीडी बंद करता येईल का. पहिल्या आकड्यावरून नाही येत. मोबाइल ७, ८ ने सुरू होतात तसा नागपूरचा कोडही ७ ने, गोव्याचा आणि बंगळुरूचा ८ ने, अहमदाबादचा ७९. आणखी खोलात जाऊन जमवता येईल, पण आजकाल बहुतेक प्लॅनमध्ये देशातल्या सगळ्या कॉलचा दर एकच असतो, मग त्या खटाटोपाचा उपयोग काय? तुमच्या प्लॅनमध्ये दर खरंच वेगळे असतील तरच त्यात शिरा. नाहीतर सगळी मेहनत आयएसडीवर आणि मागच्या दारांवर घाला, पैसा तिथूनच जातो.

१८०० चे नंबर फुकट असतात, १८६० चे नसतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. दोन्ही एकाच नियमात टाकू नका.

फ्रीपीबीएक्समध्ये रूट लिहिणं

आता प्रत्यक्ष काम. मी फ्रीपीबीएक्स घेतोय कारण छोट्या ऑफिसांत ते भरपूर दिसतं. कनेक्टिव्हिटी मेनूमध्ये आउटबाउंड रूट्स उघडा. आधी काय काय लिहून ठेवलंय ते वाचा. इन्स्टॉल करणाऱ्याने टेस्टिंगसाठी केलेला एखादा रूट हमखास सापडतो ज्याच्या पॅटर्नमध्ये, म्हणजे नंबरच्या साच्यात, फक्त एक टिंब असतं. टिंब म्हणजे पुढे काहीही, कितीही आकडे. तो रूट तिथे असेपर्यंत तुम्ही वर कितीही सुंदर नियम लिहा, न जुळलेला प्रत्येक कॉल घरंगळत खाली येऊन त्या टिंबातून बाहेर पडणार. बाकीचे रूट लिहून झाले की त्याला पहिल्यांदा उडवा.

पॅटर्नची अक्षरं थोडीच आहेत. एक्स म्हणजे ० ते ९ पैकी काहीही, झेड म्हणजे १ ते ९, एन म्हणजे २ ते ९, आणि चौकोनी कंसात तुम्ही स्वतः आकडे देऊ शकता. स्क्रीनवर प्रत्येक पॅटर्नला चार रकाने असतात. प्रीपेंड म्हणजे जाताना पुढे काय चिकटवायचं, प्रीफिक्स म्हणजे पुढून काय काढून टाकायचं, मग मॅच पॅटर्न, आणि शेवटी कॉलरआयडी म्हणजे कॉल करणाऱ्याचा नंबर. हा शेवटचा रकाना लोक रिकामा सोडतात आणि आपल्या कामाचा तर तोच आहे. त्यात ३एक्सएक्स लिहिलं की तो नियम फक्त ३०० च्या घरातल्या एक्स्टेंशनला लागू. गटवार लॉक करायला वेगळं विकत मिळणारं मॉड्यूलही आहे, पण तीस-चाळीस फोनच्या ऑफिसात या रकान्यावर काम होऊन जातं.

रूट वरून खाली तपासले जातात, पहिला जुळला की तोच लागतो. त्यामुळे क्रम महत्त्वाचा.

सगळ्यात वर इमर्जन्सी. त्यात ११२, १००, १०१, १०२, १०८, बायकांसाठी १८१ आणि १०९१, मुलांसाठी १०९८, आणि सायबर फसवणुकीसाठी १९३०. कॉलरआयडी रकाना रिकामा, पिन नाही, वेळेचं बंधन नाही. कोणत्याही फोनवरून, कधीही. रूट टाइपमध्ये इमर्जन्सीवर टिक करा. अजून एक गोष्ट, जुन्या ईपीएबीएक्सवर वर्षानुवर्षं शून्य दाबून लाइन घ्यायची सवय असलेला माणूस घाबरल्यावर ०११२ च फिरवणार, म्हणून हेच नंबर प्रीफिक्समध्ये ० टाकून पुन्हा एकदा लिहा. पाच मिनिटांचं काम आहे, आळस करू नका.

ज्यांच्या शाखा वेगवेगळ्या राज्यांत आहेत आणि सगळ्यांचे फोन पुण्यातल्या एकाच सर्व्हरमधून बाहेर जातात त्यांनी इथे जरा थांबा. मडगावच्या शाखेतून केलेला ११२ चा कॉल पुण्याच्या लाइनवरून बाहेर पडला तर तो महाराष्ट्राच्या कंट्रोल रूमला जाणार. अशा शाखेत एक साधी लोकल लाइन ठेवा आणि त्या शाखेच्या एक्स्टेंशनसाठी इमर्जन्सीचा वेगळा रूट करून तिकडे वळवा. तो या सगळ्यांच्या वाल्या रूटच्याही वर ठेवायचा, नाहीतर त्याचा नंबर लागायचाच नाही. हे होईपर्यंत तिथल्या लोकांना स्पष्ट सांगून ठेवा की इमर्जन्सीला स्वतःचा मोबाइल वापरा.

दुसरा रूट टोल फ्रीचा, १८०० आणि पुढे टिंब. इथे टिंब चालतं, कारण १८०० च्या नंबरांची लांबी एकसारखी नसते, काही आठ आकडी असतात, काही दहा, काही अकरा.

तिसरा लोकल. पुण्यात आठ आकडे, म्हणून चौकोनी कंसात २-७ आणि पुढे सात वेळा एक्स. हा वॉचमन सोडून सगळ्यांना द्यायला हरकत नाही. चौथा गट, म्हणजे सोफ्याजवळचा फोन, त्यालाही लोकल देतो मी, भेटायला आलेल्या माणसाला कोणाला तरी सांगायचं असतं.

चौथा देशातला, शून्य, मग झेड, मग नऊ वेळा एक्स. मोजून बघा, अकरा होतात. यातच मोबाइल आणि एसटीडी दोन्ही आले आणि दुसरा आकडा झेड असल्यामुळे ०० ने सुरू होणारं काहीही यात शिरूच शकत नाही. हाच पॅटर्न कॉलरआयडीमध्ये २एक्सएक्स, ३एक्सएक्स आणि ४एक्सएक्स घालून तीनदा लिहा. खालोखाल अजून दोन प्रकार लागतात. लोक मोबाइलच्या सवयीने शून्य न लावता दहा आकडे फिरवतात, त्यासाठी चौकोनी कंसात ६-९ आणि नऊ एक्स, प्रीपेंडमध्ये ०. आणि कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टफोनमध्ये कॉन्टॅक्ट +९१ ने सेव्ह असतात, त्यासाठी प्रीफिक्समध्ये +९१, प्रीपेंडमध्ये ०, पॅटर्न झेड आणि नऊ एक्स. ही शेवटची ओळ राहिली की 'मॅन्युअली लागतो पण क्लिक केल्यावर लागत नाही' अशी तक्रार येते आणि लोक उगाच हेडसेट बदलत बसतात. सिप ट्रंकवाल्याला, म्हणजे इंटरनेटवरून बाहेरची लाइन देणाऱ्या कंपनीला, शून्यासकट नंबर हवाय की +९१ सकट ते मात्र त्यालाच विचारून घ्या, त्याप्रमाणे प्रीपेंड बदलेल.

वॉचमनसाठी पाचवा रूट, त्यात पॅटर्न नाहीच, ठरलेले तीन-चार पूर्ण नंबर आणि कॉलरआयडीमध्ये ६०१. बस.

आयएसडी, इथे वेळ घालवा

ऑफिसच्या सिस्टीमवरून परदेशी कॉलची चोरी का होते ते आधी समजून घ्या, म्हणजे लॉक कशासाठी आहे ते कळेल. कर्मचारी चोरून भाच्याला अमेरिकेत फोन करतो त्याने कोणी बुडत नाही. खरा धोका बाहेरचा. कोणीतरी परदेशात महागड्या दराचे नंबर घेऊन ठेवतो, त्या नंबरवर आलेल्या प्रत्येक मिनिटामागे त्याला वाटा मिळतो. मग इंटरनेटवर उघड्या असलेल्या सिस्टीम शोधायच्या, एखाद्या एक्स्टेंशनचा सोपा पासवर्ड फोडायचा आणि त्या ऑफिसच्या खर्चाने स्वतःच्याच नंबरवर रात्रभर कॉल करत राहायचे. ऑफिस बंद असतं, फोन वाजतही नाही, एकाच वेळी दहा-दहा कॉल चालू असतात. माझ्या ओळखीच्या एका कारखान्यात हे दिवाळीच्या सुट्टीत झालं. सुट्टीनंतर लोक आले तर ऑपरेटरने आउटगोइंग बंद केलेलं, आणि बिल बघून मालकांचा चेहरा उतरला तो मला अजून आठवतो. बिल भरावं लागलं, कारण कॉल त्यांच्याच सिस्टीममधून गेले होते. त्या सिस्टीममध्ये टिंबवाला रूट होता.

म्हणून आयएसडीसाठी '०० आणि पुढे काहीही' असा रूट कधीच करू नका. देशवार लिहा. दुबईचे कॉल असतील तर ००९७१ आणि टिंब. नेपाळचे असतील तर ००९७७. जर्मनी ००४९. तीन देश असतील तर तीन ओळी, प्रत्येक ओळीच्या कॉलरआयडीमध्ये २एक्सएक्स.

अमेरिकेचं जरा वेगळं आहे. ००१ हा कोड फक्त अमेरिकेचा नाही, कॅनडा आणि कॅरिबियनमधली बेटंही त्यातच येतात. ००१८७६ फिरवला तर तो जमैकाला जातो, ००१८०९ डॉमिनिकन रिपब्लिकला, आणि दर अमेरिकेपेक्षा कितीतरी जास्त. म्हणून क्लायंट ठरलेले असतील तर त्यांचे एरिया कोडच लिहा, सॅन होजेचा ४०८ असेल तर ००१४०८ आणि पुढे सात एक्स. क्लायंट खूप आणि विखुरलेले असतील तर पूर्ण ००१ उघडावा लागतो, पण मग पिन आणि वेळ दोन्ही लावाच.

पिनसाठी पिन सेट्स नावाचं मॉड्यूल आहे. प्रत्येक माणसाला वेगळा पिन द्या, निदान सहा आकडी, आणि रेकॉर्ड इन सीडीआर चालू ठेवा म्हणजे कुठला कॉल कोणाच्या पिनवर गेला ते दिसतं. सगळ्या डिपार्टमेंटला मिळून एकच पिन दिलात तर महिन्याभरात तो कँटीनपर्यंत पोचलेला असतो. वेळेसाठी टाइम ग्रुप करा, सोमवार ते शनिवार ऑफिसची वेळ, आणि आयएसडी रूटला जोडा. अमेरिकेशी रात्री बोलणारे दोघं-तिघं असतील तर त्यांच्यापुरता वेगळा रूट त्यांच्या वेळेचा. दिवाळी, गणपती, मोठे वीकेंड, अशा वेळी आयएसडी रूट बंद करून जा. चोराला सुट्टीचं कॅलेंडर आपल्याइतकंच माहीत असतं.

सगळं झालं की सबमिट करा आणि वरचं लाल अप्लाय कॉन्फिग दाबा. हे विसरणारे खूप आहेत, मीही विसरलोय.

जुनी ईपीएबीएक्स असेल तर

पॅनासोनिक, मॅट्रिक्स, सिंटेल, कुठलीही घ्या, कल्पना तीच असते, नावं वेगळी. प्रत्येक एक्स्टेंशनला एक क्लास असतो, ज्याला सीओएस म्हणतात, आणि प्रत्येक क्लासला दोन तक्ते, कुठले कोड अडवायचे आणि कुठले अपवाद म्हणून सोडायचे. इथे मी अडवायच्या तक्त्यात ० ते ९ सगळे एकेक आकडे टाकतो, म्हणजे सगळंच बंद, आणि मग सोडायच्या तक्त्यात गटाप्रमाणे हवं ते. प्रोग्रामिंगचे कोड मॉडेलप्रमाणे बदलतात, मॅन्युअल समोर ठेवूनच करा.

सगळ्यात जास्त घोळ शून्याचा होतो. लाइन घ्यायला शून्य दाबायचा असेल तर नागपूरला करताना माणूस दोन शून्य दाबतो, पहिला लाइनचा आणि दुसरा एसटीडीचा. आयएसडीला तीन होतात. तक्त्यात नंबर लाइनचा शून्य धरून लिहायचा की सोडून, हे मशीनवर अवलंबून आहे. बहुतेक ठिकाणी सोडून लिहायचा असतो, म्हणजे ०० अडवला की आयएसडी बंद. पण ज्या मशीनमध्ये धरून लिहायचा तिथे ०० अडवलात तर सगळा एसटीडी आणि सगळे मोबाइल गेले. लिहिल्यावर लगेच एक मोबाइल लावून बघा.

स्पीड डायलचा चांगला उपयोग होतो. बऱ्याच मशीनमध्ये सिस्टीम स्पीड डायलमधले नंबर लॉकला ओलांडून जाऊ देता येतात. स्टोअरच्या फोनला सगळं बंद ठेवून दहा ट्रान्सपोर्टरचे नंबर स्पीड डायलमध्ये टाकले, काम झालं. पण मग हीच सोय दुसऱ्या कोणी वापरून त्यात आपला नंबर टाकू नये म्हणून प्रोग्रामिंगचा पासवर्ड बदला. कंपनीने दिलेला १२३४ तसाच ठेवलेली मशीन मी आजही बघतो.

दोन गोष्टी मशीनच्या बाहेरच्या आहेत. लाइट गेली आणि बॅटरीही संपली की बऱ्याच ईपीएबीएक्समध्ये बाहेरची लाइन थेट एका ठरलेल्या एक्स्टेंशनला जोडली जाते, त्याला पॉवर फेल्युअर ट्रान्सफर म्हणतात. त्या वेळी कुठलंच लॉक नसतं. ती सोय बंद करू नका, अडचणीत तीच उपयोगी पडते, फक्त तो फोन वॉचमनच्या केबिनमध्ये किंवा साहेबांच्या खोलीत राहील असं बघा, कॉरिडॉरमध्ये नाही. आणि बाहेरची लाइन जिथे येते तो क्रोनचा डबा कुलूपबंद पाहिजे, तिथे साधा फोन लावला की मशीन बाजूलाच राहिलं.

मागची दारं

पुढचं दार लावलं तरी कॉल फिरून बाहेर पडू शकतो. पहिलं फॉरवर्डिंग. कोणीतरी *७२ दाबून आपलं एक्स्टेंशन बाहेरच्या नंबरवर वळवतो आणि मग घरून ऑफिसला फोन करून ऑफिसच्या खर्चाने पुढे बोलतो. फीचर कोड्समध्ये जाऊन *७२, *९० आणि *५२ बंद करा. सेल्सवाल्यांना खरंच मोबाइलवर कॉल हवे असतात, त्यांना तुम्ही स्वतः फॉलो मीमध्ये नंबर टाकून द्या. कॉलरआयडी रकान्याचा इथे अजून एक फायदा आहे, बाहेरून येऊन पुन्हा बाहेर जाणाऱ्या कॉलला मूळ बाहेरच्या माणसाचाच नंबर चिकटलेला असतो, तो २एक्सएक्समध्ये बसत नाही आणि आयएसडीच्या दारात अडकतो.

दुसरं, डिसा. बाहेरून फोन करून ऑफिसची डायल टोन मिळवायची सोय. मी ती कुठेच चालू ठेवत नाही, कोणी मागितली तर व्हीपीएन म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी आणि मोबाइलवरचा सॉफ्टफोन देतो. तिसरं, ट्रान्सफर. बाहेरून आलेल्या माणसाने ## दाबून स्वतःलाच दुसरीकडे ट्रान्सफर करता कामा नये. ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये आत येणाऱ्या कॉलरना ट्रान्सफर नाकारायचा पर्याय आहे, तो येसवर असल्याची खात्री करा. चौथं, व्हॉइसमेलचा पासवर्ड एक्स्टेंशन नंबरच असणं.

आणि सगळ्यांचा बाप म्हणजे एक्स्टेंशनचा सिप पासवर्ड, ज्याने फोन सिस्टीमला जोडला जातो तो. फ्रीपीबीएक्स स्वतः लांबलचक तयार करून देतो तोच ठेवा, लक्षात राहावा म्हणून २०१ ला २०१ करू नका. ५०६० हा पोर्ट इंटरनेटवर सगळ्यांना उघडा ठेवू नका, फक्त ट्रंकवाल्याच्या आयपीला. उघडा असेल तर लॉगमध्ये दिवसभर अनोळखी आयपीवरून रजिस्टर व्हायचे प्रयत्न दिसतील, ते आपोआप फिरणारे प्रोग्राम असतात, तुमचं ऑफिस लहान आहे म्हणून सोडत नाहीत. फायरवॉल आणि फेल टू बॅन, म्हणजे पुन्हा पुन्हा चुकीचा पासवर्ड टाकणाऱ्याला अडवणारा प्रोग्राम, दोन्ही चालू, अनोळखी सिप कॉल म्हणजे अनॉनिमस आणि गेस्ट दोन्ही नो.

सिस्टीमच्या पलीकडचं कुलूप

वरचं सगळं एखाद्या दिवशी फुटू शकतं, म्हणून ऑपरेटरकडेही लॉक लावा. आयएसडी लागतच नसेल तर लेखी अर्ज देऊन लाइनवरूनच बंद करून घ्या. लागत असेल तर देशांची यादी आणि रोजच्या खर्चाची मर्यादा लावून मिळते का विचारा. प्रीपेड ट्रंक असेल तर बॅलन्स आठवड्यापुरता ठेवा आणि ऑटो रिचार्ज बंद, नुकसान झालं तरी तेवढ्यावर थांबतं. फ्रीपीबीएक्सच्या ट्रंकमध्ये मॅक्झिमम चॅनल्सही भरा, जेवढ्या लाइन तेवढेच.

टेस्टिंग

प्रत्येक गटातला एक फोन घ्या आणि खरोखर फिरवा. स्वतःचा मोबाइल शून्य लावून, शून्याशिवाय आणि +९१ ने. एक लोकल लँडलाइन, एक दुसऱ्या गावची, एक १८०० चा. मग जे लागू नये ते, दुबईचा ओळखीचा नंबर चौथ्या गटातून, ज्या देशाची परवानगीच नाही त्याचा पहिल्या गटातून, रात्री घरून सॉफ्टफोनवर आयएसडी. स्वतःच्या मोबाइलवरून ऑफिसला फोन करून ## दाबून बघा.

११२ वर उगाच कॉल करू नका, तिथे खरी माणसं खऱ्या कॉलसाठी बसलेली असतात. ॲस्टरिस्कच्या, म्हणजे फ्रीपीबीएक्सच्या आत चालणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या, कन्सोलवर डायलप्लॅन शो, मग ११२@फ्रॉम-इंटर्नल, अशी कमांड इंग्रजीत दिली की तो नंबर कुठल्या रूटला जुळतो ते कळतं. पुढे ट्रंकवरून तो खरंच पोचतो की नाही ते ऑपरेटरच्या सपोर्टकडून लेखी खात्री करून घ्या, काही सिप ट्रंकवर हे छोटे नंबर चालू करून घ्यावे लागतात.

न जुळलेला नंबर फिरवला की सिस्टीम इंग्रजीत कॉल पूर्ण होऊ शकत नाही असं काहीतरी बोलते आणि लोकांना वाटतं फोन बिघडला. म्हणून लॉक चालू करायच्या आदल्या दिवशी सगळ्यांना चार ओळींचा मेसेज पाठवा, काय चालू, काय बंद, आणि कामासाठी एखादा नंबर हवा असेल तर कोणाला सांगायचं. न सांगता लॉक लावलं की माणसाला वाटतं आपल्यावर संशय घेतला. सांगितलं की तीच माणसं सुट्टीत रात्री ट्रंकचे दिवे चालू दिसले तर फोन करून कळवतात.

पहिले आठ दिवस रोज सकाळी सीडीआरमधले न लागलेले कॉल बघा. एखादा नंबर तीन-चार जणांनी फिरवलाय आणि कामाचा आहे असं दिसलं की रूटमध्ये जोडा. कोणी नोकरी सोडली की त्याच दिवशी त्याचा पिन काढा आणि एक्स्टेंशनचा पासवर्ड बदला. आणि रूटची यादी, गट, तारीख, कोणी बदललं, हे एका कागदावर लिहून सर्व्हरच्या रॅकच्या दाराला आतून चिकटवून ठेवा, पिन आणि पासवर्ड सोडून. पाच-दहा वर्षांनी परत एखादा नियम बदलेल, तेव्हा तुमच्या जागी आलेल्या माणसाला तोच कागद लागणार आहे.